नाझरसाहेबांची मुदत

वेळेवर पोहोचणारी माणसं जगात पुष्कळ असतील; पण वेळेच्या आदल्या दिवशी पोहोचून, तिथंच बसून वेळेची वाट पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे लातूरचे शेजारी, नाझरसाहेब. नाझर म्हणजे दिवाणी कोर्टात पैशांचा भरणा करून घेणारा, जप्तीचा माल सांभाळणारा आणि लिलावाचे कागद बघणारा माणूस. मूळचे नांदेडचे. देगलूर, उदगीर, निलंगा, लातूर अशी नोकरीभर बदल्यांची प्रदक्षिणा घालून ते निवृत्त झाले आणि लेकीकडे, म्हणजे आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांच्या अगदी समोर, राहायला आले. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं होतं. गल्लीतले म्हातारे त्यांना नाझरसाहेब म्हणत, पोरं नाझरचाचा म्हणत, आणि त्यांची लेक रागावली की तीसुद्धा "ओ नाझरसाहेब" म्हणूनच हाक मारी.

उंच, काटकुळे, पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या कॉलरखाली रुमाल, आणि काखेत एक कापडी पिशवी. त्या पिशवीत दोन डायऱ्या, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल, कोर्टाच्या सुट्ट्यांची यादी, बँकांच्या सुट्ट्यांची वेगळी यादी आणि एक पंचांग एवढा ऐवज कायम असे. निवृत्तीनंतरही सकाळी साडेदहाला ते कोर्टात हजर. लेक म्हणायची, "अब्बा, पेन्शन घर में बैठने का मिलता ना?" त्यावर ते चपला घालता घालता म्हणत, "हाव, बैठताच हूं. जगा बदल के." कोर्टाच्या नोटीस बोर्डावर लिलावाचा नवा जाहीरनामा लागला की तो डायरीत उतरवायचा आणि लिलावाच्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा धंदा. बसताना दोन्ही हात पँटच्या खिशात. हात वर गेला आणि कुणाला बोली वाटली तर काय घ्या! एकदा लिलाव चालू असताना एक माशी त्यांच्या नाकावर येऊन बसली. नाझरसाहेबांनी नाक उडवलं, भुवया उडवल्या, डोकं हलवावं तर तीही बोलीच ठरायची म्हणून मान तशीच ताठ ठेवली, आणि शेवटी तीन वार होऊन लिलाव संपल्यावरच त्या माशीचा बंदोबस्त केला.

बोली हा प्रकार त्यांनी आयुष्यातून हद्दपार केला होता. कोर्टाच्या नोकराला कोर्टाच्या लिलावात बोली लावता येत नाही, हा नियम नोकरीपुरता होता. पण नाझरसाहेबांनी तो भाजीबाजारापर्यंत नेला. भाजीवालीनं सांगितलेला भाव देऊन ते मोकळे होत, कारण घासाघीस म्हणजे शेवटी बोलीच. त्यामुळे आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली त्यांच्यापुढे फार अवघडून जायची. "चाचा, काही तरी म्हना की," ती काकुळतीला येऊन म्हणायची, "तुमी गप बसले की मला पाप लागल्यावानी होतंय." आणि मग स्वतःच स्वतःशी भांडून भाव कमी करायची. नाझरसाहेब तरीही पहिलाच भाव हातावर ठेवत. उरलेल्या पैशांची कोथिंबीर मग ती आमच्या घरी पाठवून देई, आणि आम्ही ती विनातक्रार खात असू.

पण त्यांच्या साऱ्या विक्षिप्तपणाचं मूळ होतं लिलावाच्या मुदतीत. कोर्टाच्या हुकमानं एखाद्याचं घर लिलावाला निघालं आणि तुमची बोली सगळ्यांत वरची ठरली, की चौथा हिस्सा तिथल्या तिथं भरावा लागतो. उरलेले तीन हिस्से पंधराव्या दिवसापर्यंत. पंधराव्या दिवसाची कचेरी उठली आणि पैसे आले नाहीत, की ती विक्री गेली, भरलेला चौथा हिस्साही बहुतेक गेलाच, आणि घर पुन्हा लिलावाला. आजारी होतो, बस बंद पडली, बायको माहेरी होती, काही चालत नाही. "जज्जसाहेबाला फाशी देता येते, सर," नाझरसाहेब मला सांगत, "पर सोळावा दिवस न्हाई देता येत." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर त्या नियमाचा अभिमानही असायचा आणि धाकही.

त्यामुळे दिवस मोजणं हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. त्यातला पहिला धडा असा की ज्या दिवशी गोष्ट घडली तो दिवस धरायचा नाही. आज शून्य, उद्या एक. हा धडा त्यांनी कोर्टापुरता ठेवला असता तर कुणाची हरकत नव्हती. डॉक्टरांनी त्यांना पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या तेव्हा ते म्हणाले, "आजची गोळी घेतो, पर मोजनार न्हाई." डॉक्टर म्हणाले, "चाचा, पाचच दिवस घ्यायच्या आहेत." "पाचच घेतो की. आजचा दिवस धरायचा न्हाई." शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि एक गोळी जास्तीची लिहून दिली. लेकीनं घातलेल्या लोणच्याची बरणी उघडायला ते घरच्यांना एक दिवस जास्त थांबवत. लग्नाच्या आमंत्रणांचं तर विचारूच नका. देगलूरला एका जुन्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं. नाझरसाहेब आदल्या दिवशी सकाळीच मांडवात जाऊन बसले. मांडव अजून उभा राहायचा होता. बांबूवाल्यांना त्यांनी खांब कुठं रोवायचे ते सांगितलं, आचाऱ्याचं तेलाचं माप तपासलं, आणि संध्याकाळपर्यंत त्या घरातले सगळे त्यांना मांडवाचे कंत्राटदार समजून पाणी पाजत होते. दुसऱ्या दिवशी मुलीच्या बापानं ओळखलं तेव्हा तो बिचारा पायाच पडला.

भूकंपाच्या वेळी त्यांची बदली लातूरला होती. ते दिवस आम्हा कुणालाच विसरता येणार नाहीत. घरं सोडून माणसं मैदानात, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या पटांगणात राहत होती, आणि पक्क्या इमारतीत पाऊल टाकायला कुणी तयार नव्हतं. अशा दिवसांत एका लिलावाचा पंधरावा दिवस आला. कोर्टाची इमारत तपासून होईपर्यंत आत जायला मनाई. नाझरसाहेबांनी वरून परवानगी काढली, लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकलं, पावतीपुस्तक उघडलं आणि बसले. खरेदीदार येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. तो दुपारी आला. डोक्याला फडकं, अंगावर तेच कपडे, चार दिवस कुठं कुठं ढिगारे उपसून आलेला. भरणा चालू असताना पुन्हा एक हादरा बसला. टेबल थरथरलं, आजूबाजूचे सगळे उठून पळाले. नाझरसाहेबांनी डाव्या हातानं शाईची दौत धरून ठेवली आणि उजव्या हातानं पावतीवर सही केली. "जमीन हलते सर," ते पुढं मला म्हणाले, "तारीख न्हाई हलत." तो माणूस पावती हातात घेऊन बराच वेळ तिथंच उभा होता म्हणे. त्याला जायला घर उरलं नव्हतं, आणि आता त्या पावतीत एक घर होतं.

मी त्यांना एकदा विचारलं की दुसऱ्याच्या मुदतीची एवढी काळजी तुम्ही का वाहता? तेव्हा त्यांनी पिशवीतलं पंचांग बाहेर काढलं. नोकरीच्या सुरुवातीला ते देगलूरला होते. तिथल्या एका अडतीवाल्यानं अमावास्येच्या दिवशी लिलावात घर घेतलं. अमावास्येला घर कोण घेणार म्हणून बोली लावायला फारसं कुणी फिरकलंच नव्हतं. चौथा हिस्सा भरला, आणि बाकीच्याला पंधरा दिवस आहेत हे ऐकून तो घरी गेला. त्याच्या घरी सगळा कारभार तिथीवर. अमावास्येपासून पंधरा म्हणजे पौर्णिमा, यात शंका घेण्यासारखं त्याला काहीच वाटलं नाही. पण त्या पंधरवड्यात एक तिथी दोन दिवस आली. पौर्णिमा उजाडली सोळाव्या दिवशी. तो माणूस अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, पंच्यात बांधलेले पैसे घेऊन, बायकोमुलांसह कोर्टात आला. "मी त्याला इचारलं, काल कुठं होतात? तर म्हनला, काल चतुर्दशी होती न्हवं." नाझरसाहेबांनी हातातलं पंचांग उघडून पुन्हा मिटलं. मग म्हणाले, "तो भांडला असता, सर, तर बरं झालं असतं. त्यानं फकस्त पंचांग उघडून मला दाखवलं. बराबर होतं त्याचं. पंचांगात बराबर होतं." तेव्हापासून ते पंचांग जवळ ठेवू लागले, आणि ज्याची ज्याची मुदत चालू असेल त्याच्या दारात जाऊन ती सांगू लागले. कुणी सांगितलेलं काम नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. खरेदीदार असो की घर गेलेला मालक असो, कायद्यानं ज्याला जेवढे दिवस दिले आहेत तेवढे त्याला कळले पाहिजेत, इतकंच त्यांचं म्हणणं होतं.

माझ्यावर त्यांची छाया पडली ती लातूरचे क्लास भरात आले तेव्हा. इस्लापूरपासून सोलापुरापर्यंतची पोरंपोरी डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लातुरात उतरत होती. ज्याच्या घरात जिना होता त्यानं जिन्याखाली कॉट टाकली, ज्याला गच्ची होती त्यानं तिच्यावर पत्रे घातले. मी एका मोठ्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवत होतो. क्लासचे मालक पालकांना माझी ओळख "हे आमचं केमिस्ट्री" अशी करून द्यायचे, जणू मी कपाटातली बाटलीच. आपलं स्वतःचं घर असावं, खाली आपला वर्ग, वर आपला संसार, आणि दारावर आपल्या नावाची पाटी, हे स्वप्न मी आणि बायको रोज जेवताना भाजीबरोबर खात होतो. तिची अट एकच. भूकंपात माहेरचं माळवद तिनं डोळ्यांदेखत खाली बसताना पाहिलं होतं. दगडमातीच्या घरात ती पाय ठेवणार नव्हती. घर हवं तर कॉलमचं, स्लॅबचं.

तसं एक घर लिलावाला निघालं. क्लासांच्या गल्लीच्या मागे, चार खोल्यांचं, वर गच्ची. मालक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मित्राच्या कर्जाला जामीन राहिले, मित्र हात वर करून मोकळा झाला आणि पतसंस्थेनं मास्तरांच्या घरावर हुकूमनामा मिळवला. मास्तर घराला कुलूप लावून शिरूर अनंतपाळला लेकीकडे जाऊन राहिले होते, आणि सगळं संपलं असं धरून चालले होते. लिलावाच्या दिवशी मी बोली लावली. माझा आवाज इतका कापत होता की बेलिफानं दोनदा विचारलं. नाझरसाहेब मागच्या बाकावर खिशात हात घालून छताकडे पाहत बसले होते. तीन वार झाले आणि घर माझ्यावर ठरलं. चौथा हिस्सा भरून मी बाहेर आलो तेव्हा ते व्हरांड्यात उभे होते. "मुबारक, सर," ते म्हणाले. "आज शून्य बरं का."

त्यानंतर ते आमच्या घरी सहा वेळा आले. पहिल्याच फेरीत त्यांनी दोन्ही याद्या कॉटवर पसरल्या आणि लाल टोकानं एक दिवस गोल केला. माझ्या पंधराव्या दिवशी कोर्ट उघडं होतं, पण बँकेला सहामाही हिशेबाची सुट्टी होती. "म्हंजे तुमचा पंधरावा हा चौदावा हाय," ते म्हणाले, "आन् चौदाव्याला गर्दी लई राहील, म्हनून तुमचा पंधरावा तेरावा हाय." मी हसलो. बायको हसली नाही. तिनं त्याच दिवशी पाटल्या काढून दिल्या. भावाकडून आले, क्लासच्या मालकांकडून पुढल्या वर्षाची उचल आली, आणि दरवेळी नाझरसाहेब दारात उभे राहून, "कितवा दिवस हाय, भाभी?" असं बायकोला विचारत. चुकीचं उत्तर आलं तर आत येत, बरोबर आलं तर परत जात. बायको चहा पाजायचा असला की मुद्दाम चुकीचं सांगे. तेराव्या दिवशी ते सकाळीच येऊन कॉटवर बसले आणि चहाला हात लावेनात. "भरना झाल्यावर." बँकेत माझ्याबरोबर उभे राहिले, कोर्टात माझ्याबरोबर आले. तिथला कारकून म्हणाला, "नाझरसाहेब, अजून दोन दिवस हायत की!" ते म्हणाले, "म्हनून तर आज आलोत." पंधराव्या दिवशी मी मुद्दाम बँकेवरून चक्कर मारली. शटर खाली होतं. तसाच गोलाईच्या बाजारातून पेढे घेऊन मी त्यांच्या दारात गेलो.

पेढा खाताना त्यांनी मला दुसरी मुदत सांगितली. घर अजून तुमचं झालं नाही, म्हणाले. लिलावापासून साठ दिवसांत मूळ मालकानं सगळं देणं आणि वर खरेदीदाराला शेकडा पाच भरले तर लिलाव रद्द होतो, घर त्याचं त्याला परत जातं. मी विचारलं, "भरतं का कुणी?" "क्वचित." "का बरं?" बायकोनं विचारलं. "जेवढ्यासाठी घर गेलं तेवढं कुठून आनायचं? आन् बहुतेकांना हे माहीतच न्हाई राहत." मग ते पेढ्याच्या कागदाची बारीक घडी घालत बसले आणि लवकरच उठून गेले. मी ते बोलणं तिथंच सोडून दिलं. खरं सांगायचं तर सोडून देणं माझ्या सोयीचं होतं.

पुढचे दीड महिने आमच्या घरात फक्त त्या घराचं बोलणं. फळा कुठं लावायचा, पोरं चपला कुठं काढतील, पाटीवर माझ्या नावाआधी प्राध्यापक लिहायचं की नाही. बायकोनं खिडक्यांची मापं बाहेरूनच अंदाजानं घेऊन पडद्यांचं कापडसुद्धा आणलं. नाझरसाहेब चहाला येत, ते कापड बघत, "अच्छा हाय" म्हणत आणि भिंतीकडे पाहत बसत. दिवस मोजणं त्यांनी आमच्या घरात एकदम बंद केलं होतं. बायको गमतीनं म्हणाली, "चाचा, आज कितवा?" तर ते म्हणाले, "मोजला न्हाई." आम्हाला वाटलं, वय झालं.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली, कोर्ट उघडलं. आणि एके दिवशी वकिलांनी मला बोलावून सांगितलं, की ड्रॉइंग मास्तरांनी सगळी रक्कम भरली. एकोणसाठाव्या दिवशी. लिलाव रद्द होणार, तुमचे पैसे शेकडा पाचासह परत मिळतील. मी विचारलं, "त्यांना कुणी सांगितलं?" वकील फाईल बांधता बांधता म्हणाले, "तुमच्या शेजाऱ्यांनी. स्वतः एसटीनं शिरूरला गेले होते."

मी तडक त्यांच्या दारात गेलो. त्या दिवशी मी काय काय बोललो ते आठवलं की अजून मान खाली जाते. आमचा चहा पिऊन आमच्याच घरावर उठलात म्हणालो. तुम्ही माझे की त्यांचे म्हणालो. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. नाझरसाहेब खाली बघून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमची मुद्दत होती तवा तुमच्याकडं सहा बार आलो, सर. त्यांची होती, त्यांच्याकडं एक बार गेलो." मी ओरडलो, "नसता गेलात तर काय बिघडलं असतं? नुसतं गप्प बसायचं होतं!" त्यांनी वर पाहिलं. "गप बसनं म्हंजे बोली लावनंच की," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. तो मला तेव्हा कांगावा वाटला.

त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडचा चहा सोडला. मीही बोलावलं नाही. पैसे परत आले, पाटल्या परत आल्या, पण पुढच्या सहा महिन्यांत त्या गल्लीतले भाव असे चढले की तसलं घर आमच्या आवाक्यात पुन्हा कधी आलं नाही. मी "आमचं केमिस्ट्री"च राहिलो. वर्षभरानं नाझरसाहेब मुलाकडे नांदेडला राहायला गेले. बायको डबा घेऊन निरोप द्यायला गेली. मी घरात पेपर तपासत बसलो होतो, आणि बसून राहिलो.

क्लासला जाताना मास्तरांच्या घरावरून जावं लागे. प्रथम प्रथम मी लांबचा रस्ता धरायचो. मग एकदा घाईत तिकडून गेलो, तर मास्तर शिडीवर चढून आपल्याच हातानं खिडकीला हिरवा रंग देत होते. इतका मन लावून की रस्त्यावरून कोण गेलं याचा त्यांना पत्ता नव्हता. मी थोडा वेळ उभा राहिलो. त्या माणसाचा राग यावा म्हणून मी प्रयत्न करत होतो आणि तो येत नव्हता. नाझरसाहेबांचं त्या दिवशी थोडं थोडं पटू लागलं. पण पटणं वेगळं आणि नांदेडची गाडी धरणं वेगळं. माझ्यासारख्या मानी माणसाला त्याला आणखी दोन वर्षं लागली.

नांदेडला एका क्लासमध्ये व्याख्यानाला गेलो होतो. बायकोनं निघताना बजावलं होतं, "चाचांना भेटल्याशिवाय आलात तर दार उघडणार नाही." विचारत विचारत घर काढलं. नाझरसाहेब बाजेवर पडून होते. फार वाळले होते, पण मला दारात पाहताच उठून बसले आणि नातसुनेला चहा टाकायला सांगितलं. आमच्या पोरांची चौकशी झाली, गल्लीची झाली, भाजीवालीचीसुद्धा झाली. मग त्यांनी विचारलं, "घर झालं का, सर?"

"अजून भाड्याचंच आहे," मी म्हणालो.

चहा आला, तो तसाच राहिला. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक गोष्ट सांगायची राहिली तुम्हाला. मास्तरांचा शिरूरचा पत्ता मला लिलावाच्या दिवशीच मालूम होता. जाहीरनाम्यावरच होता. दर खेपेला मी दुसऱ्या दिवशी जात होतो. कुनाचं बी घर असो, दुसऱ्या दिवशी. ह्या खेपेला न्हाई गेलो. रोज सकाळी पिशवी घेऊन बस स्टँडपस्तोर जायचो आन् तिथून कोर्टात जायचो. पन्नास दिवस न्हाई गेलो, सर."

"का?" मी विचारलं. विचारताना मला ते कळलं होतं.

"मला लई वाटून राहिलं होतं," ते म्हणाले, "ते घर तुम्हाला मिळावं म्हनून." आणि मग एखादा गुन्हा कबूल करावा तसे म्हणाले, "साठ दिवस कायद्यानं त्यांचे होते. मी त्यांच्या हातात दहाच ठेवले. लेकीच्या सासरी हात पसरावा लागला मास्तरांना. माझ्यामुळं."

मी त्यांचा हात हातात घेतला. तीन वर्षं मी या माणसावर रागावलो होतो, की यानं माझ्यासाठी थोडा वेळसुद्धा तोंड बंद ठेवलं नाही. मग म्हणालो, "नाझरसाहेब, मास्तर एक दिवस आधीच पोहोचले ना? खिडक्यांना हिरवा रंग दिलाय त्यांनी. मी पाहिलाय." त्यांनी ते दोनदा मला सांगायला लावलं. खिडक्या किती, रंग कसा, ते विचारलं. मग "हाव, पोचले," असं म्हणून गार झालेला चहा उचलला आणि माझ्या हातात माझा कप दिला.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो तेव्हा त्या घराची हळहळ मनात शोधून पाहिली. ती कुठं सापडेना. तिच्या जागी त्यांच्याशी न बोलता घालवलेली तीन वर्षं येऊन बसली होती, आणि लातूर येईपर्यंत ती काही उठली नाहीत.